क्लिप चालते, एपिसोड कुणी ऐकत नाही? मग या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात आम्ही नारायण पेठेतल्या एका आजींना पॉडकास्टवर बोलावलं. विषय होता १२ जुलै १९६१, पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तो दिवस. आजी तासभर बोलल्या. आम्ही हौसेनं त्यातली एक क्लिप कापून यूट्यूबवर शॉर्ट, म्हणजे छोटा उभा व्हिडिओ, म्हणून टाकली. सुरुवातीला लोगो गिरक्या घेत येतो, मागे सतार वाजते, मग मी: "नमस्कार मंडळी, आपल्या सगळ्यांचं मनापासून स्वागत..." आजींनी तोंड उघडेपर्यंत ११ सेकंद गेलेले. यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे चॅनल सांभाळायच्या ॲपमध्ये, शॉर्ट किती जणांनी पाहिला आणि किती जणांनी नुसता वर सरकवला, याचा हिशोब मिळतो. तो बघून त्या दिवशी चहा गोड लागला नाही.

चूक आजींची नव्हती, माझ्या नमस्काराची होती. पाणी चढायला लागल्यावर गच्चीकडे पळताना त्यांच्या आईनं दागिन्यांचा डबा खालीच ठेवला आणि लोणच्याची बरणी उचलली. क्लिप त्या बरणीपासून सुरू व्हायला हवी होती. लोगो, सतार, मी, सगळं उडवलं. तुमच्याकडेही पहिल्या दोन-तीन सेकंदांत लोक पळत असतील तर संगीत बदलू नका, आधी स्वतःला कापा.

दुसरी चूक याच क्लिपमध्ये करता करता राहिलो. मित्राचं म्हणणं, बरणी उचलली तिथेच थांबू, 'पुढे काय झालं? ऐका पूर्ण भाग' असं लिहू. मला हे पटत नाही. बघणाऱ्याला आपण फसवले गेलो असं वाटतं आणि तो दुसऱ्या रीलवर जातो. बरणीची गोष्ट बरणीपुरती पूर्ण सांगा. ती आवडली की घराचं काय झालं, माणसं कुठे राहिली, हे प्रश्न आपोआप पडतात. आमची ४८ सेकंदांत संपली. शॉर्ट्सला ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि रील्सला जानेवारी २०२५ मध्ये तीन मिनिटं मिळाली, पण मिळाली म्हणून भरायची नसतात.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: व्ह्यूज आहेत, श्रोते का नाहीत? एक तर त्या आकड्यावर फार जाऊ नका. ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट नुसता सुरू झाला तरी यूट्यूब व्ह्यू धरतं. दुसरं, एपिसोडकडे जायला वाट ठेवली आहे का ते बघा. शॉर्टच्या वर्णनात किंवा कमेंटमध्ये टाकलेली लिंक ऑगस्ट २०२३ च्या अखेरीपासून दाबली जात नाही, तरी आपले लोक अजून इमानेइतबारे चिकटवतात. त्याऐवजी स्टुडिओत 'रिलेटेड व्हिडिओ' म्हणून पूर्ण एपिसोड जोडा. इन्स्टाग्रामवरही कॅप्शनमधली लिंक मेलेलीच असते. ती बायोमध्ये ठेवा, आणि नवा भाग आला की बदलायला विसरू नका. आमच्या बायोत चार महिने दिवाळीचा भाग लटकत होता.

मराठीवाल्यांचं खास दुखणं म्हणजे अक्षरं. 'गच्ची'तला च फुटून पाय मोडलेला दिसतो, 'मिळाली'तली पहिली वेलांटी म च्या उजवीकडे जाऊन बसते. यात टायपिंगचा दोष नसतो, सॉफ्टवेअरला जोडाक्षरं जुळवता येत नसतात. प्रीमिअर प्रो या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसच्या ग्राफिक्स भागात टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा. फॉन्ट युनिकोड घ्या, 'मुक्त' (Mukta) किंवा 'बलू' (Baloo) हे फॉन्ट फुकट मिळतात. आणि सबटायटल अगदी तळाला नको. तिथे ॲपचं कॅप्शन येतं, उजवीकडे बटणं येतात, आणि तुमच्या वाक्यातलं क्रियापद त्यांच्याखाली गाडलं जातं. मराठीत क्रियापदच गेलं तर उरलं काय?

सबटायटल मात्र हवंच. बसमध्ये उभा असलेला माणूस आवाज बंद ठेवूनच बघतो.

आवाजाबद्दल एवढंच: हेडफोनवर छान वाटलं म्हणून खूश होऊ नका, फोनच्या स्पीकरवर ऐका. नदीपात्राजवळ राहत असाल तर गणपतीच्या आधीचे दोन महिने संध्याकाळी रेकॉर्डिंग ठेवूच नका. ढोल पथकांच्या सरावापुढे कुठलाही नॉइज फिल्टर हात टेकतो. आणि खाली सिनेमाचं गाणं लावाल तर कॉपीराइटचा दावा येईल.

शेवटची चूक तांत्रिक नाही. पाहुणा चेष्टेत काही बोलतो, पुढच्याच वाक्याला स्वतः हसतो. आपण ते हसणं कापतो, क्लिप तापते, आणि त्या माणसाला नातेवाइकांचे फोन सुरू होतात. आमच्या एका पाहुण्यानं त्यानंतर आमच्याशी बोलणं सोडलं, आणि ते बरोबरच होतं. तेव्हापासून क्लिप टाकायच्या आधी व्हॉट्सॲपवर पाहुण्याला पाठवतो.

आजींनाही सुधारलेली क्लिप पाठवली. नातवाच्या फोनवरून लगेच निरोप आला: बाकी सगळं ठीक आहे, पण खाली कैरीचं लोणचं लिहिलंय, बरणी लिंबाची होती.