कॅम्परच्या बॅटरीवर राउटर चालवताना इन्व्हर्टर मध्ये आणू नका

कॅम्परमधले, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतले, सुरुवातीचे दोन प्रवास माझा राउटर इन्व्हर्टरवरच चालायचा. घरून आणलेला अडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये खोचला की काम झालं, असं वाटायचं. पण सकाळी उठून बघावं तर बॅटरी पार उतरलेली. एका रात्री बाकी सगळं बंद करून बॅटरी मॉनिटर बघत बसले. राउटर चालू असताना २४ वॅट. राउटर काढला, तरी १४ वॅट चालूच! म्हणजे राउटरपेक्षा जास्त वीज इन्व्हर्टर स्वतःच खात होता.

बॅटरी १२ व्होल्टची, राउटरलाही १२ व्होल्टच हवेत. मध्ये इन्व्हर्टरने घरच्या सॉकेटसारखी एसी वीज करायची आणि अडॅप्टरने ती परत बॅटरीसारखी डीसी करायची, हा सगळा वळसाच. २४ वॅटने दिवसाला सुमारे ४८ अँपिअर-तास (बॅटरीतली वीज मोजायचं एकक) जातात. थेट डीसीवर तोच राउटर २० अँपिअर-तासांत भागतो. १०० अँपिअर-तासांची लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये म्हणतात. त्या हिशेबाने पहिल्या पद्धतीत एकटा राउटर जवळजवळ सगळी बॅटरी संपवतो.

आधी अडॅप्टरवरचं लेबल वाचा. ‘आउटपुट’समोर १२ व्होल्ट, दीड अँपिअर असं काहीतरी असेल. काही राउटर ९ किंवा ५ व्होल्टचे असतात, मग कन्व्हर्टर (बॅटरीचं व्होल्टेज राउटरला हवं तेवढं करून देणारा छोटा डबा) त्या व्होल्टेजचा घ्यायचा. आउटपुट एसी असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

आता ‘दोन्हीकडे १२ आहेत, मग सरळ वायर जोडू’ हा मोह होतो. मलाही झाला होता. दिवसभर छान चाललं. संध्याकाळी कुणीतरी नळ सोडला, पाण्याचा पंप सुरू झाला आणि माझा व्हिडिओ कॉल तुटला. पुन्हा जोडला, पुन्हा नळ, पुन्हा तेच. राउटरला वीज देणाऱ्या पिनेवर मीटर धरला तर पंप सुरू होताच ११.९ चे १०.८ व्होल्ट होत होते, कारण दोघांची वायर एकच होती आणि तीही बारीक. उलट बाजूचा धोका याहून मोठा. बॅटरी नावालाच १२ व्होल्टची. भरलेली, निवांत असताना लेड-अ‍ॅसिड १२.६ च्या आसपास असते, चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते, आणि इक्वलायझेशन (सगळे सेल सारखे भरावेत म्हणून मुद्दाम केलेलं जास्तीचं चार्जिंग) चालू असेल तर १५ च्याही वर. राउटरवरच ‘९ ते ३० व्होल्ट’ अशी मर्यादा छापलेली असेल तर खुशाल थेट जोडा. नसेल तर नको.

कन्व्हर्टर घेताना ‘बक-बूस्ट’ असा शब्द बघून घ्या. नुसता ‘बक’ व्होल्टेज फक्त उतरवतो, त्यामुळे बॅटरी १२ च्या जवळ आली की तो १२ देऊच शकत नाही. बक-बूस्टला आत ११ येवोत की १४, बाहेर १२ च. दीड अँपिअरच्या राउटरला मी ३ अँपिअरचा लावला आहे, तो फारसा तापत नाही.

जोडणी राहत्या भागाच्या बॅटरीवरून करा, इंजिनच्या नव्हे. पंपाच्या वायरला फाटा न देता फ्यूज बॉक्सपासून वेगळी १ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढा. पाच मीटर अंतरावर १ अँपिअरला त्यात जेमतेम ०.१७ व्होल्ट पडतात. फ्यूज ३ अँपिअरचा आणि बॅटरीच्या बाजूलाच हवा, कारण तो राउटरसाठी नसून वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागू नये म्हणून असतो. शंट (बॅटरीच्या मायनसवर बसवलेला, मॉनिटरसाठी प्रवाह मोजणारा भाग) असेल तर राउटरची मायनस तार शंटच्या लोडकडच्या, म्हणजे बॅटरीच्या विरुद्ध बाजूच्या, टोकाला जोडा, नाहीतर मॉनिटर ही वीज मोजणारच नाही.

पिनेने मला सगळ्यात जास्त छळलं. बाहेरून ५.५ मिलिमीटरच्या दोन पिना हुबेहूब सारख्या दिसतात, पण आतलं भोक एकीचं २.१ आणि दुसरीचं २.५. मोठ्या भोकाची पिन सैल बसते आणि खराब रस्त्यावर राउटर सारखा बंद-चालू होतो. पिन लावण्याआधी मल्टीमीटरचं लाल टोक भोकात आणि काळं बाहेरच्या धातूला लावा. लेबलवरच्या गोलाच्या चित्रात मधला ठिपका प्लसकडे असेल, बहुतेक असतोच, तर मीटरवर १२ दिसायला हवेत. आकड्याआधी वजाचं चिन्ह आलं तर तारा उलट्या आहेत. तशी पिन राउटरला लावू नका.

मग मीटर तिथेच ठेवून पंप चालवा, फ्रिज सुरू होऊ द्या, इंजिन चालू करून चार्जिंगही बघा. आकडा १२ वरून हलता कामा नये.

व्होल्टेज घसरलं की लोड तोडणारं कटऑफ मी लेड-अ‍ॅसिडसाठी १२.० वर ठेवते. आणि पलंगाशी एक साधा स्विच लावला आहे. रात्री आठ तास राउटर बंद ठेवला की साडेसहा अँपिअर-तास वाचतात, आणि सोलरवाल्यांना सलग ढगाळ दिवसांत तेवढे फार मोलाचे असतात.