ओकचं रान जाळायचंय? आधी ढोल्या शोधा

इथे जाळणं म्हणजे ओकखालचा पाला जाळायला ठरवून, आटोक्यात लावलेली आग, झाडं जाळणं नाही. परवानगी, विमा, शेजाऱ्यांना निरोप, अग्निशमन दलाला फोन, हे असणारच, त्यावर बोलत नाही. कपडे सुती किंवा लोकरी, सिंथेटिक वितळून कातडीला चिकटतं.

पहिलं काम म्हणजे जागा पायी फिरून प्रत्येक जुना ओक खालून बघायचा. ढोली आहे का, बुंध्याला जुन्या आगीचा व्रण आहे का, खोड आतून कुजलंय का. असेल तर रिबन बांधा आणि नकाशावर मार्क करा. मागच्या वेळी माझं नेमकं हेच राहिलं आणि एक म्हातारा ओक आतून धुमसत राहून पडला. ओकची साल जाड, त्याला आगीचं काही होत नाही, असं सगळे म्हणतात आणि धडधाकट झाडापुरतं ते बऱ्यापैकी खरं आहे, पण ढोलीत निखारा शिरला की साल काय करणार? ढोली धुराड्यासारखी हवा वर ओढते.

म्हणून दाताळं घ्या आणि बुंध्याभोवतीचा पाला, फांद्या, सालीचे तुकडे निदान मीटरभर लांब ओढा. खोडाच्या वाऱ्याआडच्या बाजूला ज्वाळा जास्त उंच चढतात, तिथे आणखी रुंद साफ करा. ओढलेला पाला पसरून टाका, शेजारच्या झाडाच्या बुडाशी ढीग घालून ठेवला तर काय उपयोग! ढोलीतला भुसासुद्धा काढा. हे जाळायच्या दिवशी सकाळी परत बघायचं, कारण रात्रीतून पाला पुन्हा पडतो.

जाळपट्टा, म्हणजे आग बाहेर जाऊ नये म्हणून कडेने ठेवलेला मोकळा पट्टा, खालची माती दिसेपर्यंत खरवडलेला हवा. पट्ट्याजवळची उभी वाळकी झाडं आधीच पाडा, नाहीतर पेटल्यावर ती ठिणग्या पलीकडे फेकतात.

आता हवामान. ओकची वाळलेली पानं कडेने वळून एकमेकांवर सैल पडतात, त्यातून वारा फिरतो, लवकर वाळतात. मेपलची पानं चपटी बसून ओल धरून ठेवतात. त्यामुळे मेपल खूप घुसलेल्या भागात आग अडखळते आणि ओकखाली पळते, एकाच जागेत दोन्ही होतं हे टीमला आधी सांगा. आर्द्रता आणि वारा प्लॅनमधल्या मर्यादेत नसेल तर त्या दिवशी घरी जायचं, माणसं जमलीत म्हणून पेटवायचं नाही.

ड्रिप टॉर्चमध्ये (पेटतं इंधन थेंबाथेंबाने टाकणारा हातातला डबा) साधारण तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल. आधी छोटी चाचणी आग, मग वारा ज्या बाजूला वाहतो त्या कडेने पेटवायचं आणि आगीला वाऱ्याविरुद्ध चालू द्यायचं. आणि रिबनवाल्या झाडांशी पाण्यासकट एक माणूस. परत सांगतो, रिबनवाल्या झाडांशी एक माणूस!

विझवणं: अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत जानेवारी 2022 मध्ये जाळलेल्या फांद्यांच्या ढिगातला विस्तव बर्फाखाली टिकून एप्रिलमध्ये वर आला, त्यातून काफ कॅन्यनची आग लागली. तेव्हा वरून काळं दिसलं म्हणजे विझलं असं धरू नका. उघड्या हाताची मागची बाजू जमिनीजवळ नेऊन ऊब बघा, ढोलीत पाणी ओता, दुसऱ्या दिवशी पुन्हा ढोली बघा, तिसऱ्या दिवशी पण.

मग फोटो, नोंदी. नवीन फुटव्यांना हरणांपासून जाळी. पुढच्या वेळी कधी जाळायचं ते रोपांची उंची बघून ठरवा.