कोर्टाची नक्कल काढताय? या चुका टाळा

वकिलाचा कारकून म्हणून जिल्हा कोर्टात फिरताना नक्कल विभागाच्या, म्हणजे कोर्टाच्या कागदांच्या प्रमाणित प्रती देणाऱ्या, खिडकीवर एक संवाद हमखास कानावर पडतो. "११२/२००९ ची नक्कल द्या." "कशाचा ११२?" पुढे शांतता.

नुसत्या नंबराने काहीच सापडत नाही. त्या वर्षी ११२ नंबरचा रेग्युलर मुकदमा (नेहमीचा दिवाणी दावा) असतो, दरखास्त (निकालाच्या अंमलबजावणीचा अर्ज) असते, किरकोळ अर्ज असतो, फौजदारी खटलाही असतो. एक गृहस्थ वडिलांच्या वाटपाच्या दाव्याचा हुकूमनामा (निकालावरून निघणारा कोर्टाचा औपचारिक आदेश) काढायला मुंबईहून आले होते. वकील कशाला, एवढंसं काम, असा आविर्भाव. जुन्या पाकिटावर 'दरखास्त' शब्द दिसला म्हणून अर्जात तोच प्रकार लिहिला आणि पक्षकारांच्या रकान्यात 'फाइलप्रमाणे'! रेकॉर्ड रूममधून फाइल आली, नक्कल झाली, शिक्का बसला. ह्यांनी ती न उघडता खरेदीदाराच्या वकिलापुढे ठेवली. पहिल्याच पानावर वादी भलताच, वाद भाडेवसुलीचा. सौदा लांबला तो लांबलाच.

मी अर्जाला हात लावण्याआधी एका चिठ्ठीवर सगळं उतरवतो: सीएनआर, प्रकार, नंबर, वर्ष, दोन्ही बाजूंची नावं, कोर्ट, निकालाची तारीख. सीएनआर म्हणजे प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक; तो सोळा अक्षर-अंकांचा असतो, महाराष्ट्रातला 'एमएच'ने सुरू होतो. तो ई-कोर्ट्स या कोर्टांच्या सरकारी संकेतस्थळावर मिळतो, पण तिथेही घाई नडते. नावाने शोधताना 'प्रलंबित'वरची खूण तशीच ठेवली तर निकाली दावा दिसणार कसा? आणि पूर्ण नाव टाइप करू नका. इंग्रजीत चव्हाण कुणी 'व्ही'ने लिहितं, कुणी 'डब्ल्यू'ने. पहिली तीन अक्षरं टाका, यादी लांब आली तर निवांत वाचा. वाचायचाच कंटाळा असेल तर हे काम दुसऱ्याला द्या.

ई-कोर्ट्सवरून उतरवलेला निकाल वाचण्यापुरता. शिक्क्याची प्रमाणित नक्कल वेगळी.

अपील करायचं असेल तर तारखांशी खेळू नका. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. मुदत कायद्याच्या कलम १२ प्रमाणे नक्कल मिळायला लागलेला वेळ वगळतात, एवढं अर्धवट ऐकून लोक निर्धास्त होतात. अर्ज करायलाच तुम्ही लावलेले दिवस वगळत नाहीत. नक्कल तयार होऊन पडली आणि तुम्ही आठवडाभर फिरकला नाहीत, तर तो आठवडाही तुमच्याच खात्यात. अर्ज कधी आला, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली, हे सगळं नकलेवरच लिहिलेलं असतं. तिथे थापा चालत नाहीत. मी निकालाच्या दिवशीच अर्ज टाकतो, अपील होवो न होवो.

माहिती अधिकारातून कोर्टाची फाइल मागू नका. कोर्टाच्या नियमांनीच नक्कल घ्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे.

तुम्ही पक्षकार नसाल तर कारण लिहून प्रतिज्ञापत्र जोडा. आवारातला दलाल 'आतून काढून देतो' म्हणाला तर चालू लागा.

'संपूर्ण फाइल' मागितली तर पैसे उगाच जातात. हव्या त्या कागदाचा निशाणी नंबर, म्हणजे फाइलमध्ये कोर्टाने त्याला दिलेला क्रमांक, लिहा. मनाईहुकुमाचा अर्ज बहुधा निशाणी ५ असतो.

सिंधुदुर्गातलं १९८१ पूर्वीचं प्रकरण असेल तर रत्नागिरीतही विचारा, तेव्हा जिल्हा एकच होता.

आणि फेरफार, सातबारा मागायला इथे रांग लावू नका. ते महसूलकडे, तलाठी आणि तहसील कार्यालयात.