घरात एकामागून एक उलट्या-जुलाब सुरू झाले की

आमच्याकडे आधी धाकटा, मग सासूबाई, मग हे. अशा वेळी सगळ्यात आधी आजारी माणसाला स्वयंपाकघरातून बाहेर काढा. उलट्या-जुलाब थांबल्यावरही 48 तास त्याने कणीक मळायची नाही, कोशिंबीर चिरायची नाही. हात साबणानेच धुवा. असे उलट्या-जुलाब घरभर पसरवणारा विषाणू म्हणजे नोरोव्हायरस, त्याच्यावर सॅनिटायझरचा फारसा भरवसा नाही. उलटी पुसताना हातमोजे घाला, खिडकी उघडा, फरशी आधी साबणाने आणि मग ब्लीचच्या पाण्याने पुसा. नळाची तोटी, फ्लशचं बटण, कडी विसरू नका. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा.

खरी काळजी पाण्याची. ओआरएसच्या पाकिटावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला, कमी नको. पाकीट नसेल तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा, मग चमचा-चमचा पाजा. लेकरू तहानेने पेला ओढतं, पण घटाघटा प्यायलं की पुन्हा सगळं बाहेर. भूक लागली की मऊ भात-ताक द्या, अंगावरचं दूध मुळीच तोडू नका. मुलांना झिंक डॉक्टरांना विचारून.

लघवी बंद, डोळे खोल, शौचात रक्त, मूल सुस्त? घरी थांबू नका, दवाखाना गाठा.