नवा ड्रायव्हर जुन्या कर्नलवर नेण्याआधी

नव्या लिनक्स कर्नलसाठी (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यासाठी) लिहिलेला ड्रायव्हर जुन्यावर चालवून द्यायचा म्हटलं की आधी किती मागे जायचं ते ठरवून घ्या. ‘जमेल तितकं मागे’ असं कुणी म्हणालं तर काम हातात घेऊ नका. ज्या मशिनवर तो चढणार आहे तिथलं ‘युनेम -आर’चं (चालू कर्नलची आवृत्ती सांगणाऱ्या कमांडचं) पूर्ण आउटपुट मागवा. तोंडी सांगितलेल्या आवृत्तीवर भागत नाही, कारण रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स 7 चा कर्नल 3.10 म्हणवतो आणि 8 चा 4.18, पण दोन्हींत त्यानंतरच्या नव्या कर्नलमधून बरंच काही आणून बसवलेलं असतं. तुम्ही ‘4.18 मध्ये हे नाही’ म्हणून स्वतःचं फंक्शन देता आणि ते तिथे आधीच हजर असतं.

म्हणून कोडमध्ये आवृत्तीचा आकडा बघून ठरवणारी ‘इफ’ शक्यतो टाळा. रेड हॅट आपल्या आवृत्तीसाठी आरएचईएल_रिलीज_कोड हा वेगळा मॅक्रो देतं, तो कामी येतो. पण मला ओपनझेडएफएस या फाइल सिस्टीमची पद्धत पटते: बिल्डच्या सुरुवातीला दोन-चार ओळींचे तुकडे त्या कर्नलच्या हेडरसमोर कंपाइल करून बघायचे आणि जे जमलं त्याप्रमाणे पुढे जायचं. आकड्यांचं गणितही दिसतं तितकं सरळ नाही. कर्नल_व्हर्जन मॅक्रो शेवटच्या आकड्याला आठ बिटं देतो. फेब्रुवारी 2021 मध्ये 4.4.256 आणि 4.9.256 निघाले तेव्हा ती जागा संपली; जुन्या हिशेबाने 4.4.256 म्हणजे थेट 4.5.0 होत होतं. आता तो आकडा 255 वर अडवलेला आहे. त्यामुळे त्यापुढच्या स्टेबल आवृत्त्यांमधला फरक या मॅक्रोला दिसतच नाही.

कंपायलर जुळवून ठेवा. मूळ 3.10 ला जीसीसी कंपायलरच्या प्रत्येक मोठ्या आवृत्तीचं वेगळं हेडर लागतं; जीसीसी 5 दिला की ते हेडर सापडत नाही आणि बिल्ड तिथेच बसतो. प्रत्येक कर्नलमागे त्याच्या काळातला कंपायलर असलेला एकेक कंटेनर करून ठेवला की ही कटकट मिटते. कर्नल 5.18 पासून सी भाषेच्या जीएनयू11 या प्रकारावर गेला, त्याआधी जुनं जीएनयू89 होतं. म्हणजे ‘फॉर’च्या कंसातच व्हेरिएबल जाहीर करणारा नवा कोड जुन्यावर एररच देणार. ते आधीच बाहेर काढा.

मग ड्रायव्हर कर्नलची कोणकोणती फंक्शनं बोलावतो त्याची यादी करा. नाव किंवा आर्ग्युमेंटं बदललेली फंक्शनं कंपायलर स्वतःच दाखवतो, त्यांची फार चिंता नको: ॲक्सेस_ओकेचं एक आर्ग्युमेंट 5.0 मध्ये गेलं, प्रॉक_ऑप्स 5.6 मध्ये आलं, क्लास_क्रिएटमधला ओनर 6.4 मध्ये गेला. टायमरपाशी मात्र थोडं थांबा. टायमर_सेटअप 4.14 मध्ये आलं, जुनं सेटअप_टायमर 4.15 मध्ये काढलं. टायमर संपला की बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनला, म्हणजे कॉलबॅकला, पूर्वी अनसाइन्ड लाँग मिळायचा, नव्याला टायमरचा पॉइंटर मिळतो. कॉम्पॅट हेडरमध्ये (जुन्या-नव्यातला फरक झाकणाऱ्या आपल्या हेडरमध्ये) टायमरचाच पत्ता डेटा म्हणून द्यायचा आणि कॉलबॅक कास्ट करायचा, की झालं. अनसाइन्ड लाँग आणि पॉइंटर यांचा आकार सारखा असल्याने चालून जातं. फक्त क्लँग कंपायलरचं सीएफआय (फंक्शन योग्य प्रकाराने बोलावलंय का ते चालताना तपासणारं संरक्षण) चालू असलेल्या अँड्रॉइड कर्नलवर हाच कास्ट पकडला जातो. तिथे प्रत्येक कॉलबॅकला जुन्या प्रकारचं छोटं रॅपर लिहावं लागतं.

जास्तीत जास्त वेळ राखून ठेवायचा तो मुकाट्याने कंपाइल होणाऱ्या गोष्टींसाठी. मजकूर कॉपी करणारं स्ट्रस्कॉपी 4.3 मध्ये आलं. 3.10 वर ते नाही, म्हणून कुणीतरी एका ओळीचा मॅक्रो करून त्याला जुन्या स्ट्रएलकॉपीवर वळवतं. वॉर्निंगसुद्धा येत नाही. पण मजकूर कापला गेला की स्ट्रस्कॉपी निगेटिव्ह एरर देतं आणि स्ट्रएलकॉपी मूळ मजकुराची लांबी देतं. ‘शून्यापेक्षा कमी आलं तर बाहेर पड’ ही तपासणी मग कायमची आंधळी होते. डिव्हाइससाठी मेमरी देणाऱ्या डीएमए_अलॉक_कोहेरंटचं त्याहून वाईट, कारण तिथे नाव आणि आर्ग्युमेंटं तीच आहेत. 5.0 पासून ते सगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर) मेमरी शून्य करूनच देतं, त्याआधी तशी हमी नव्हती. एक्स86 वर आधीपासून शून्यच मिळत होतं, त्यामुळे टेबलावरच्या मशिनवर सगळं सुरळीत चालतं आणि बग दूर कुठल्यातरी बोर्डावर निघतो. जुन्यासाठी मेमरी शून्य करून मागणारा जीएफपी_झीरो फ्लॅग स्वतः द्या. अशा जागा शोधायला फंक्शनचं नाव ग्रेप करून काही हाती लागत नाही. ‘गिट लॉग’ला मोठा एल देऊन दोन आवृत्त्यांमधला त्या फंक्शनच्या आतल्या कोडचा इतिहास वाचा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग मला माहीत नाही.

फंक्शन कर्नलमध्ये आहे म्हणजे मॉड्युलला (चालू कर्नलमध्ये चढवायच्या आपल्या ड्रायव्हरला) मिळेलच असं नाही. मॉड्युल.सिमव्हर्स फाइल उघडून ते एक्सपोर्ट झालंय का (मॉड्युलना वापरायला खुलं आहे का), आणि फक्त जीपीएल लायसन्सच्या मॉड्युलसाठी झालंय का, ते बघून ठेवा. कर्नलमधून उचललेल्या कोडवरची लायसन्स सांगणारी एसपीडीएक्सची ओळ पुसू नका.

स्वतः दिलेल्या फंक्शनांची नावं वेगळी ठेवा. लिनक्सच्या बॅकपोर्ट्स प्रकल्पात मॅक्रोने नावाआधी ‘बॅकपोर्ट_’ जोडतात, ते उचला. उद्या डिस्ट्रोने (रेड हॅटसारख्या लिनक्स देणाऱ्याने) तेच फंक्शन आपल्या अपडेटमध्ये आणलं तरी टक्कर होत नाही. कुठली आवृत्ती सोडली की हा तुकडा उडवता येईल, तेही प्रत्येकाच्या डोक्यावर लिहा.

चाचणीसाठी यादीतल्या प्रत्येक कर्नलची क्यूईएमयू (आभासी मशिन) इमेज लॉकडेप, म्हणजे लॉकिंगच्या चुका पकडणारी सोय, चालू करून तयार ठेवा. मेमरीच्या चुका पकडणारं केसॅन 4.0 मध्ये आलं, त्यामुळे मूळ 3.10 वर स्लब या मेमरी वाटपाच्या भागाचं डीबग आणि मेमरी गळती शोधणारं केमेमलीक यांवरच भागवावं लागतं. मॉड्युल चढवणं-उतरवणं स्क्रिप्ट लावून रात्रभर फिरवा, आणि मधेच टायमर चालू असताना उतरवून बघा.