पन्नास सेटिंग्जच्या सॉफ्टवेअरची यूज केस लिहिताय? या चुका टाळा

ईआरपी (कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणारं), पेरोल, बँकिंग अशा सॉफ्टवेअरमध्ये एकच बटण प्रत्येक क्लायंटकडे वेगळं वागतं. यूज केस म्हणजे एखादं काम वापरणारा आणि सिस्टिम मिळून कसं पूर्ण करतात, याचं पायरीपायरीचं वर्णन. सॉफ्टवेअर इंजिनिअर इव्हार जेकबसन यांनी 1980च्या दशकात त्या मांडल्या, तेव्हापासून त्यांचा गाभा एकच आहे: वापरणाऱ्याला काय साधायचंय ते लिहा. सेटिंग्ज वाढल्या की नेमका तोच हातून सुटतो.

मुंबईत तयार झालेलं ईआरपीनेक्स्ट उदाहरणाला घेऊ. यूज केस आहे ‘पुरवठादाराकडून आलेला माल स्टोअरमध्ये जमा करणे’.

प्रत्येक कॉम्बिनेशनची वेगळी यूज केस

‘माल जमा करणे, पीओ (खरेदीची ऑर्डर) सक्तीचा असताना’ आणि ‘माल जमा करणे, पीओ सक्तीचा नसताना’ अशा जोड्या दिसू लागल्या की लगेच थांबा. फक्त 10 चालू-बंद सेटिंग्जची 1,024 कॉम्बिनेशन्स होतात. 20 झाल्या की आकडा दहा लाखांच्या पुढे जातो. स्टोअरकीपरचा उद्देश एक असेल तर यूज केसही एकच. फरक ज्या पायरीवर पडतो, ती पायरी तेवढी ठळक करा.

पायरीत नियमाऐवजी चेकबॉक्स लिहिणे

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ‘अमुक सेटिंग ऑन असल्यास सिस्टिम एरर देते’ या वाक्यातून क्लायंटला काहीच कळत नाही आणि पुढच्या व्हर्जनमध्ये सेटिंगचं नाव बदललं की वाक्यच खोटं ठरतं. मेन फ्लोमध्ये, म्हणजे सगळं सुरळीत चाललं तर होणाऱ्या पायऱ्यांत, नियम लिहा: ‘ऑर्डरपेक्षा जास्त आलेला माल ठरलेल्या मर्यादेत आहे का, हे सिस्टिम तपासते.’

ही मर्यादा येते कुठून, ते शेजारच्या तक्त्यात मांडा. समजा, 100 पोत्यांची ऑर्डर होती आणि ट्रकमधून 108 उतरली. आयटमवरच 10 टक्के जास्तीच्या मालाची मुभा भरलेली असेल तर माल जमा होतो. आयटमवर काही भरलेलं नसेल तर स्टॉक सेटिंग्जमधली टक्केवारी लागू होते. तीही ओलांडली गेली, तरी ठरावीक रोल (सिस्टिममधला अधिकार) असलेला माणूस जास्तीचा माल घेऊ शकतो. म्हणजे एका पायरीमागे तीन ठिकाणं आहेत आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. हा क्रम लिहिला नाही, तर डेव्हलपर एक समजतो, टेस्टर दुसरं, आणि आठ पोती गेटवर पडून राहतात.

अपवाद विसरणे

‘पीओशिवाय इन्व्हॉइस होत नाही’ असं छातीठोकपणे लिहू नका. ईआरपीनेक्स्टमध्ये ही सक्ती एकूण खरेदीला लावता येते आणि एखाद्या पुरवठादाराला त्यातून सूटही देता येते. ‘नेहमी’, ‘कधीच नाही’ हे शब्द आले की प्रत्येक वेळी विचारा: यातून कुणाला वगळता येतं? कोण वगळतं?

सेटिंग बदलणारा माणूसच गायब

सेटिंग आपोआप बदलत नाही. अ‍ॅडमिन किंवा खरेदी प्रमुख ती बदलतो, म्हणून तोही अ‍ॅक्टर (सिस्टिम वापरणारी भूमिका) आहे आणि ‘खरेदीचे नियम ठरवणे’ ही त्याची स्वतंत्र यूज केस आहे. मला ही चूक सगळ्यात महाग वाटते, कारण ती डेमोत दिसत नाही. सोमवारी पीओशिवाय काही पावत्या ड्राफ्टमध्ये ठेवल्या आणि बुधवारी पीओ सक्तीचा झाला, तर त्या पावत्यांना जुना नियम लागणार की नवा? बदल कुणी केला याची नोंद राहणार का? स्टोअरला कोण कळवणार? उत्तरं क्लायंटकडूनच घ्या, स्वतः गृहीत धरू नका.

प्रीकंडिशनमध्ये डिफॉल्टवर विसंबणे

‘सिस्टिम कॉन्फिगर केलेली आहे’ ही प्रीकंडिशन (यूज केस सुरू होण्याआधीची अट) निरुपयोगी आहे. या यूज केसवर परिणाम करणाऱ्या चार-पाच सेटिंग्ज आणि त्यांच्या व्हॅल्यू नावानिशी द्या, बाकीच्या नकोत.

आधीच बिघडलेलं डॉक्युमेंट असेल तर

मेन फ्लोमधलं प्रत्येक ‘असल्यास’ अधोरेखित करा. ते वापरणाऱ्याच्या निर्णयाचं असेल तर अल्टरनेट फ्लोमध्ये (पर्यायी पायऱ्यांत) न्या, सेटिंगचं असेल तर तक्त्यात. मग एकमेकींवर परिणाम करणाऱ्या सेटिंग्जच्या जोड्या टेस्टरसोबत बसून काढा. तक्त्यातल्या ज्या ओळीपुढे ‘हे कोण बदलतं’ हा रकाना रिकामा राहील, तेवढ्याच ओळी घेऊन क्लायंटची पुढची मीटिंग लावा.