मोठ्या जातीचं पिल्लू: वजन वाढवायची घाई नको
लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन यांचं पिल्लू गुबगुबीत दिसलं की सगळे खूश होतात. पण हाडं पक्की व्हायच्या आधी चढलेलं वजन कोवळ्या सांध्यांवर येतं. हाडांची वाढ साधारण १२ ते १८ महिने चालते, ग्रेट डेनसारख्यांत त्याहूनही जास्त.

म्हणून खाणं वाटीच्या अंदाजाने न घालता वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. ६ महिन्यांपर्यंत दिवसाचं प्रमाण तीन वेळांत विभागा, पुढे दोन वेळांत. 'बस', 'ये' शिकवताना द्यायचे दाणेही त्याच मापातून सकाळीच वेगळे काढून ठेवा. बक्षिसं वरून दिली की हिशेब हमखास चुकतो.

पिल्लू उभं असताना बरगड्यांवरून बोटं सपाट फिरवा. आपल्या पसरलेल्या पंजाच्या मागच्या बाजूला हाडं जशी हाताला लागतात, तशा बरगड्या लागल्या की ठीक. दाबूनच सापडत असतील तर खाणं साधारण १० टक्के कमी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा तपासा. दाट केसांच्या पिल्लाचं नुसतं बघून काहीच कळत नाही.

आणि कॅल्शियमचं औषध! मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं तयार खाणं देत असाल तर ते मनाने अजिबात सुरू करू नका. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. ते शोषलं जातं आणि हाडांची वाढ बिघडते. पाय वाकडे दिसले किंवा पिल्लू लंगडू लागलं, तर आधी पशुवैद्याला दाखवा.